टॅम्प्लीज म्हणायची सोय

‘सोडा मला’ असं तो मुलगा त्या रात्री किती वेळा म्हणाला, ते मी मोजलं नाही. पाच वेळा असेल, दहा वेळा असेल. मावळात एका शेतावर उन्हाळी शिबिर होतं. सातवी ते दहावीची चाळीसेक मुलं आणि आम्ही सहा ताई-दादा. शेवटच्या रात्रीचा खेळ गड राखायचा होता. अर्धी मुलं गडावरची, अर्धी गनिमाची. मशालींऐवजी बॅटऱ्या, तलवारींऐवजी फोम गुंडाळलेले प्लॅस्टिकचे पाइप. गनिमाचा एक हेर पकडला गेला. गडावरच्या मुलांनी त्याला गोठ्याच्या खांबाला ओढणीने बांधलं आणि चौकशी सुरू केली. तो म्हणत होता, ‘सोडा मला, मला काही माहीत नाही.’ पकडलेला हेर दुसरं काय म्हणणार? मग तो रडायला लागला. आमच्यातला एक दादा म्हणाला, ‘काय ॲक्टिंग करतोय पोरगा!’ दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. त्यांत मीही होते.

खरं काय ते सातवीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं. ती त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाली, ‘ताई, ह्याचा श्वास वाजतोय.’ त्याला दमा होता. पंप सॅकमध्ये, सॅक झोपायच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. ओढणीची गाठ ओढून ओढून इतकी बसली होती की शेवटी स्वयंपाकघरातून सुरी आणून कापावी लागली. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी समारोपाला आयोजकांनी त्याला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस दिलं. त्याने ते घेतलं आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसला.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी अशा खेळांच्या नियमांबद्दल जिथे मिळेल तिथून वाचत, विचारत आले आहे. आपण ह्या खेळांचा वेश उचलला, गोष्ट उचलली, थरारही उचलला. पण खेळातून बाहेर पडायची वाट उचलायची राहून गेली. आणि ती वाट तर कुठून आणायचीही गरज नव्हती. आपल्या आळीतल्या प्रत्येक पोराला ती ठाऊक होती.

भूमिका घेऊन, प्रत्यक्ष वावरून खेळायच्या ह्या प्रकाराला जगभर लार्प म्हणतात. कुणी सरदार होतो, कुणी चेटकीण, कुणी निर्वासित; प्रेक्षक कुणीच नसतो आणि संवाद लिहिलेले नसतात. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९७७ साली डॅगोरहिर नावाने फोमच्या तलवारींच्या लढाया सुरू झाल्या. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. जर्मनीत ब्रोकेलोह गावाजवळ दर उन्हाळ्यात हजारो माणसं वेश करून तंबूंत राहतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड इथले लोक तर १९९७ पासून दरवर्षी एकेका देशात जमून फक्त ‘खेळ कसा रचावा’ एवढ्यावर बोलतात. डेन्मार्कमध्ये होब्रो गावी २००६ पासून एक निवासी शाळा आहे, तिथे गणित-इतिहाससुद्धा अशा खेळांतून शिकवतात.

आपल्याकडे लार्प हा शब्द फार थोड्यांना माहीत आहे, पण गोष्ट आली आहे. पुण्या-मुंबईत एस्केप रूम आहेत, म्हणजे कोडी सोडवून सुटायच्या बंद खोल्या. कंपन्यांच्या सहलींत खुनाचा छडा लावायचे खेळ होतात. गडकोटांच्या नावाने मुलांची शिबिरं होतात. आणि ह्यातलं काहीही आपल्याला परकं नाही, कारण सोंग घेण्याची परंपरा आपल्या मातीत आहे. शिमग्यात संकासुर पोरांच्या मागे धावतो, जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला रात्रभर मुखवटे नाचतात, बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून दम देतो.

आता नियमांकडे येते. ह्या खेळांत दोन दारं असतात. एक भिंतीतलं, एक खेळातलं. पहिल्याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. पोलंडमध्ये कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी एका एस्केप रूममध्ये आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. वाढदिवस साजरा करायला आल्या होत्या. हीटरचा गॅस गळला, आग बाहेरच्या खोलीत लागली आणि आतून सुटायला दुसरा मार्गच नव्हता. त्यानंतर देशभर तपासण्या झाल्या आणि कितीतरी खोल्या बंद केल्या गेल्या. आपल्याकडे राजकोटला २५ मे २०२४ रोजी टीआरपी गेम झोन जळालं, २७ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. ती जागा भूमिका-खेळांची नव्हती, पण सुट्टीत मुलांना घेऊन जायचीच होती. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, ते आतून उघडतं का, दुसरं दार कुठे आहे, ह्या प्रश्नांना चालीरीत, परंपरा, मंडळाचा मान असलं कुठलंही उत्तर चालत नाही. तिथे सरकारनेच कठोर व्हावं, आणि दुर्घटनेनंतर आठवडाभर नव्हे, बारा महिने.

दुसऱ्या दारापाशी मात्र सरकारने थांबावं असं माझं मत आहे. चीनमध्ये गेल्या काही वर्षांत ‘जुबेनशा’ नावाचा खेळ शहराशहरांत पसरला. टेबलाभोवती किंवा सजवलेल्या खोल्यांत बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि खुनी शोधायचा. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या केंद्रीय खात्यांनी नियम काढले: चालकाने नोंद करायची, वयाची सूचना लावायची, अठराखालच्यांना शाळेच्या दिवसांत घ्यायचं नाही, आगीची व्यवस्था ठेवायची. इथपर्यंत मला पटतं. पण त्याच नियमांत गोष्टीत काय असावं, काय नसावं ह्यावरही खात्याची नजर आली. गोष्ट तपासली म्हणून खेळणारा सुरक्षित होत नाही. आमच्या शिबिरातली गोष्ट कुठल्याही अधिकाऱ्याने पहिल्या फटक्यात मंजूर केली असती. स्वराज्य, निष्ठा, शौर्य. आक्षेपार्ह त्यात काय होतं? मुलगा तरीही खांबाला बांधलेला होता.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलं केलं. दोर, नौका, उडणं, चढणं ह्यांच्यासाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आल्या. पण ओढणीने बांधलेला हेर त्यात कुठे बसवणार? तो डोंगरावरून लोंबकळत नव्हता. जमिनीवर, सपाटीला, चाळीस माणसांच्या देखत उभा होता. त्याच्याकडे फक्त एक गोष्ट नव्हती: खेळाबाहेरचा एक शब्द.

हेच त्या रात्रीचं सगळं वर्म आहे. ‘सोडा’, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘आई गं’ हे शब्द खेळाने आधीच घेऊन टाकलेले असतात. हेर ते बोलणारच, घायाळ सैनिक ते बोलणारच. म्हणून खऱ्या माणसासाठी असा एखादा शब्द राखून ठेवावा लागतो जो कुठलंही पात्र चुकूनसुद्धा उच्चारणार नाही. लार्प खेळणाऱ्यांना हे फार आधी कळलं. अमेरिकेत कुणीही ‘होल्ड’ ओरडलं की सगळे जागच्या जागी थांबतात. पुष्कळ ठिकाणी एक गुडघा टेकून बसतात, म्हणजे उभं कोण आणि पडलेलं कोण ते लगेच दिसतं. ब्रिटनमध्ये कुणाला खरोखर लागलं तर ‘मॅन डाउन’ अशी हाक देतात, कारण ‘मी मेलो’ तर तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणतच असतं. नॉर्वेकडे दोन शब्द आहेत. ‘कुट’ म्हणजे आता सगळं बंद. ‘ब्रेम्स’ म्हणजे खेळ चालू दे, पण ह्याच्या पुढे नको, जरा हळू. हा दुसरा शब्द मला पहिल्यापेक्षाही मोलाचा वाटतो. माणसाला बहुतेक वेळा सगळ्यांचा खेळ मोडायचा नसतो. समोरच्याने आवाज थोडा खाली आणावा, खांद्यावरचा हात काढावा, एवढंच हवं असतं.

लढायांचेही त्यांचे रिवाज आहेत. पुष्कळ ठिकाणी डोक्यावर वार नाही, भोसकायचं नाही, वार हातातच अडवून हलका करायचा, आणि खेळाआधी प्रत्येक हत्यार कुणीतरी दाबून, वाकवून पाहायचं. ब्रिटनच्या मोठ्या खेळांत धनुष्याची ताकदसुद्धा तपासतात. आमच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी दोन पाइपांची टोकं फोममधून बाहेर आलेली मी स्वतः पाहिली होती. चिकटपट्टी लावून तेच पाइप रात्री परत वापरले. १९६६ साली बर्कलीत सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम ह्या संस्थेचा एक रिवाज मला फार आवडतो. तिथे चिलखत घालून वेताच्या काठ्यांनी लढतात, आणि वार बसला की नाही हे ज्याला बसला तोच सांगतो. मारणाऱ्याने ‘लागला, लागला’ म्हणायचं नाही. किती लागलं ते ज्याच्या अंगाला लागलं त्यालाच विचारायचं, हा साधा न्याय आहे.

पण शब्द ठरवून भागत नाही, हे नॉर्वे-स्वीडनकडच्या त्या मंडळींनाच पुढे कळून चुकलं. शब्द सांगितलेला असतो, सगळ्यांना पाठ असतो, आणि तरीही कुणी वापरत नाही. चाळीस माणसांचा रंगलेला खेळ आपल्या एकट्यासाठी कसा थांबवायचा? सगळे वळून बघतील. मग लोक सोसत राहतात. म्हणून पुढे आणखी बारक्या खुणा निघाल्या. उन्हात धरावा तसा तळहात डोळ्यांवर धरून माणूस प्रसंगातून सरळ निघून जातो. त्याला कुणी अडवायचं नाही, कुठे चाललास विचारायचं नाही, नंतरही विचारायचं नाही. दुसरी खूण समोरच्याने करायची. कुणी रडताना दिसलं की हळूच बोटांनी ‘ठीक आहेस ना?’ अशी खूण करायची. त्याने अंगठा वर केला तर ठीक. आडवा किंवा खाली धरला, किंवा काहीच केलं नाही, तर त्याला अलगद बाजूला न्यायचं.

त्या रात्री कुणी ही एक खूण केली असती तर? मुलाचे हात बांधलेले होते, अंगठा वर झालाच नसता. आणि तो झाला नाही, एवढ्यावरूनच आम्हाला कळलं असतं. बांधायचंच नाही, हा माझा त्यानंतरचा पहिला नियम. कैद्याने आपली दोरी आपल्याच हातात धरायची. सुटायचं की नाही हे त्याने ठरवायचं, आणि खेळ म्हणून त्याने ती धरून ठेवायची.

शरमेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे शिबिरांच्या जगात तिचं राज्य आहे. रडका, भित्रा, आईचं बाळ, हे शब्द पहिल्याच दिवशी वाटले जातात. मुलगी मागे हटली तर ‘मुलीच त्या’, मुलगा हटला तर ‘मुलीसारखा’. ह्या हवेत ‘तुम्हाला नको वाटलं तर सांगा हं’ अशी एका ओळीची सूचना देणं म्हणजे न दिल्यासारखंच. कुठलाही तेरा वर्षांचा मुलगा ते सांगणार नाही. दम लागून निळा पडेल, पण सांगणार नाही. दहीहंडीबद्दल आपण वर्षानुवर्षं भांडलो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांवर आणली आणि अठराखालच्यांना मनाई केली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं, आणि २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वय चौदावर आलं. फूट आणि वर्षं ह्यांवर इतका काथ्याकूट झाला, पण सगळ्यात वरच्या थरावर चढणाऱ्या पोराने पाचव्या थरावरून ‘मला आज नको, उतरवा’ म्हटलं तर मंडळात पुढे त्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या दृष्टीने तो प्रश्न उंचीइतकाच मोठा आहे.

आणि इथेच मला आमची आळी आठवते. लपाछपी, डबा ऐसपैस, विषामृत, साखळी. चप्पल तुटली, आईने हाक मारली, गुडघा फुटला, की मूठ ओठांना लावायची आणि ओरडायचं: टॅम्प्लीज! ‘टाइम प्लीज’चं हे आमचं रूप. शेजारच्या आळीत अंगठा दाखवून म्हणायचे, मामाच्या गावाला आणखी काही वेगळं होतं. पण एकदा शब्द उच्चारला की राज्य असलेला मुलगा, कितीही दांडगट असो, जागच्या जागी थांबायचा. टॅम्प्लीज घेतलेल्याला आऊट करणं ह्याहून मोठा अधर्म आम्हाला ठाऊक नव्हता. ‘का घेतलीस?’ असं विचारायची पद्धत नव्हती. नॉर्वेच्या माणसांनी जो शब्द विचारपूर्वक घडवला, तो आमच्याकडे फ्रॉकच्या खिशात चिंचेच्या बुटुकांबरोबर पडलेला होता.

दुसरी सोय भोज्ज्याची. एक झाड, एक खांब, एक ओटा ठरलेला असायचा. त्याला हात लावला की आपल्याला कुणी हात लावायचा नाही. मोठ्या लार्पमध्ये खेळाबाहेरची एक खोली राखून ठेवतात, तिथे पाणी असतं, बसायला जागा असते, कुणीतरी माणूस असतो. ती खोली म्हणजे भोज्जाच. तिसरं कच्चं लिंबू. धाकट्या भावंडाला घेतल्याशिवाय आई बाहेर सोडायची नाही, म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ज्याला पूर्ण झेपत नाही त्याला हाकलायचं नाही आणि पूर्ण नियमांनी चिरडायचंही नाही. ह्या एका शब्दात जो समजूतदारपणा आहे, त्याच्यासाठी बाहेर पानंच्या पानं लिहावी लागतात. अर्थात कच्चं लिंबू म्हणून चिडवणारेही होते. पण चिडवूनसुद्धा घेत होते.

‘हे सगळे नवे नाजूकपणे आहेत, आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं मला पालकसभेत हमखास ऐकवलं जातं. होतं. तुमच्या वेळीच होतं, आणि तुम्हीच ते वापरत होता. फरक एवढाच पडला की तेव्हा खेळ पोरांचा होता आणि नियम पोरांच्या हातात होते. आता खेळ आयोजकाचा आहे. फी घेतलेली असते, वेळापत्रक असतं, फोटो काढायचे असतात, मधे थांबणं कुणालाच परवडत नाही. खेळ मोठ्यांच्या हातात आला आणि मुलांकडून टॅम्प्लीज काढून घेतली गेली, हे कुणी ठरवून केलं नाही, पण झालं तसंच.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. खेळाची नशा तो खरा वाटण्यात असते. मधे मधे अंगठे दाखवत बसलं तर रंग कसा चढणार? हा आक्षेप घेणारे बहुधा मनापासून खेळणारेच असतात, म्हणून त्यांना मी मनापासून सांगते. मी दोन्ही प्रकारचे खेळ घेतले आहेत. बाहेर पडायची वाट जिथे नव्हती तिथे शहाणी मुलं आधीच सावध राहायची, कडेकडेने खेळायची, आणि बेभान व्हायची ती फक्त दांडगी. वाट दाखवल्यावर कडेची मुलं मधे आली. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणारा बेधडक फिरवतो, कारण भोवतीचं रिंगण कुठे आहे ते त्याला आणि बघणाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

आता काही गोष्टी अशा, ज्या नॉर्वे-अमेरिकेच्या नियमांत मिळणार नाहीत, त्या आपल्या आपणच ठरवायला हव्यात. आडनाव ही त्यातली पहिली. आपल्याकडे आडनावाबरोबर जात येते, आणि खेळात ‘सरदार’ आणि ‘हुजऱ्या’ कोण होतं ते नीट पाहिलं तर पोटात गोळा येतो. मी आता सुरुवातीलाच सगळ्यांना नुसती नावं वापरायला सांगते आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटते. दुसरी गोष्ट ‘गनीम’. एका शिबिरात वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा सलग तीन दिवस शत्रूकडे होता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ‘तू त्यांच्यात ये ना’ असं मित्रच म्हणाले होते, आणि तोही हसत गेला होता. चौथ्या दिवशी तो पोट दुखतंय म्हणून खोलीतच बसला. तेव्हापासून अर्ध्या खेळानंतर बाजू बदलायची, हा आमचा रिवाज आहे. गडावरची मुलं वेढ्यात जातात, वेढ्यातली गडावर. इतिहासालाही ते धरूनच आहे, दोन्हीकडच्या फौजांत दोन्ही धर्मांची माणसं होतीच. आणि महाराजांची भूमिका आम्ही कुणालाही देत नाही. महाराज कायम पुढच्या गडावर असतात, तिथून त्यांचा खलिता येतो. खलिता वाचताना मुलं आपसूक उभी राहतात, हे कुणी शिकवलेलं नाही.

स्पर्शाचंही तसंच. अमेरिकेतल्या व्हँपायरच्या लार्पमध्ये नव्वदच्या दशकापासून कुणी कुणाला हात लावत नाही, झटापट स्टोन-पेपर-सीझरने मिटवतात. आमच्या किशोरवयीन मुलामुलींच्या खेळात मला हाच नियम सर्वांत बरा वाटला. ‘तुला पकडलं’ म्हणायला मनगट धरावं लागत नाही. समोर तळहात धरला की पकडलं.

आणि शेवटी सोंग उतरवायचं राहता कामा नये. मराठीत आपण सोंग घेणं आणि अंगात येणं ह्यांत नीट फरक करतो. पण सोंग हळूहळू अंगात शिरतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. पात्राचा राग खेळणाऱ्यात झिरपतो, खेळणाऱ्याची भीती पात्रात. त्या मुलाला शाळेत नंतर महिनाभर ‘हेर’ म्हणत होते, आणि म्हणणाऱ्यांना त्यात वाईट काही वाटत नव्हतं, कारण त्यांचा खेळ कधी संपलाच नव्हता. बहुरूप्याला हे बरोबर कळतं. दम देऊन झाला, पोरं आईच्या पदरामागे लपली, की तो हसतो, आपलं गाव सांगतो, बिदागी घेतो आणि पोरांच्या डोक्यावर हात ठेवून जातो. खेळ संपल्यावर वेश उतरवून गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपलं खरं नाव घेऊन दोन वाक्यं बोलायची, एवढं पुरतं. पंधरा मिनिटं लागतात. वेळापत्रकात सर्वांत आधी कापली जातात ती हीच पंधरा मिनिटं.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की शिबिराच्या माहितीपत्रकात जेवणाचा मेनू वाचता तसं हेही विचारा. खेळ थांबवायचा शब्द कोणता? तो मुलांकडून म्हणवून घेणार का? खेळ चालू असताना खेळात नसलेला मोठा माणूस कोण? त्या रात्री आम्ही सहाही जण वेशात होतो. मी किल्लेदाराची बायको होते, डोक्यावर पदर होता आणि पदराखालून मला रडणारा हेर दिसत होता, श्वास अडकलेला मुलगा दिसत नव्हता. आता आमच्यातला एक जण पिवळं जाकीट घालून, औषधांची पिशवी आणि सगळ्या किल्ल्या घेऊन बाहेर उभा असतो. त्याला खेळायला मिळत नाही; पाळी पाळीने प्रत्येकावर ती वेळ येते. आयोजकाला ह्या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत तर मुलाला पाठवू नका. फी बुडली तरी चालेल.

शरमेवर मात्र मला एकच उपाय सापडला आहे, तो म्हणजे सवय. खेळाच्या पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येकाने एकदा तरी टॅम्प्लीज घ्यायचीच, कारण असो वा नसो. सगळ्यात आधी आम्ही ताई-दादांनी घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात वेढा ऐन भरात असताना, चांगला अंधार पडल्यावर, मागून कुठूनतरी बारीक आवाज आला, ‘टॅम्प्लीज!’ ही सक्तीची नव्हती, वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अडतीस मुलं होती तिथे एक गुडघा टेकून बसली. तटावरचा दहावीतला मुलगा हातातला पाइप खाली ठेवून बसला. पिवळ्या जाकिटातला दादा बॅटरी घेऊन आवाजाच्या दिशेने गेला, आणि एका मुलीला घेऊन घराकडे वळला. रातकिडे ऐकू येत होते. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी हसू दाबलं. पाच-सहा मिनिटांनी ती परत आली, आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘हं, चला.’